टाइनमची चिठ्ठी आणि टाइनमचा वाडा

इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळ टाइनमला जाऊन आले. डिसेंबर 1943 मध्ये, नाताळच्या तोंडावर, युद्धखात्याने हे गाव रिकामं करून घेतलं. शेजारी ललवर्थला पहिल्या महायुद्धापासून रणगाड्यांचं सरावाचं मैदान होतं, ते आता अपुरं पडत होतं. जेमतेम महिनाभराची नोटीस. गाव आणि आसपासची वस्ती मिळून सव्वादोनशेच्या घरात माणसं निघाली, ती पुन्हा राहायला आलीच नाहीत.

जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली गेली: पिढ्यानपिढ्यांची घरं आम्ही युद्ध जिंकण्यासाठी सोडतोय, ती जपा, एक दिवस आम्ही परत येऊ. ती वाचून सगळेच हळवे होतात. पण ती लिहिली वाड्यावरच्या बाँड बाईंनी, असं सांगतात. हे बाँड 1683 पासून टाइनमचे मालक. बाकी गाव बहुतेक त्यांचं कूळ. त्यामुळे कुळांच्या हातात भरपाई पडली ती परसातल्या भाजीपाल्यापुरती, असंही ऐकलं. ‘आमची घरं’ या शब्दांत नक्की कोणाची घरं, हा प्रश्न मला काही सोडेना. 1948 मध्ये सरकारने सक्तीने जमीन खरेदी केली, तेव्हाही व्यवहार मालकाशीच होणार ना!

तसं गाव आधीपासूनच ओसरत होतं. मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा 1932 मध्येच बंद पडली होती. आता तिच्यात आणि चर्चमध्ये छोटं प्रदर्शन आहे, बाकी घरांच्या नुसत्या भिंती.

आणि वाडा? एलिझाबेथ राणीच्या काळातला, काही भाग त्याहूनही जुना. युद्धात तो उभा राहिला. पाडला तो सरकारनेच, शांततेच्या काळात, 1960 च्या दशकात. त्याचे काही दगडी भाग डॉर्सेटमधल्या दुसऱ्या जुन्या वाड्यांत गेले. उरलेले अवशेष झाडीत आहेत, तिकडे लोकांना सोडत नाहीत. कुळांची पडकी घरं आपण आतून फिरून बघतो आणि मालकाचा वाडा तेवढा दिसत नाही, याची मला थोडी गंमतही वाटली.

जाणार असाल तर बहुतेक शनिवार-रविवारी गाव उघडं असतं. पण लष्कराचं गोळीबाराचं वेळापत्रक बघूनच निघा, आणि पायवाट सोडू नका. न फुटलेले गोळे अजून सापडतात.