तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्यांनी विसरायला होतं का?

नणंदेने विचारलं, स्टाफरूममध्ये तिघींनी विचारलं, परवा लोकलमध्ये एका जुन्या मैत्रिणीने विचारलं: "डिप्रेशनच्या गोळ्यांनी विसरायला होतं का गं?" विचारणारीच्या पर्समध्ये बहुतेक वेळा डॉक्टरांची नवी चिठ्ठी असते. हो म्हटलं तर ती गोळी सुरूच करणार नाही. नाही म्हटलं तर मी खोटं बोलले. म्हणून एकदाच सगळं लिहिते. मला डिप्रेशन आलं होतं ते तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा नको.

परळच्या एका शाळेत मी २२ वर्षं शिकवतेय. मला मुलांची नुसती नावं नाही, घरं पाठ असायची. कुणाचे वडील रात्रपाळीला, कुणाची आजी गावी गेलेली. डिप्रेशनची एस्सिटालोप्राम आणि रात्री झोपेसाठीची क्लोनाझेपाम सुरू होऊन वर्ष झालं होतं. पालकसभेला चौथीतला एक मुलगा वडिलांबरोबर आला. मी प्रगतिपुस्तक पुढे केलं आणि विचारलं, "आज आई नाही आली?"

वडील गप्प. मुलगा माझ्याकडे बघत राहिला, रागाने नाही, गोंधळून. शेजारच्या बाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. त्याची आई जाऊन दोन महिने झाले होते. मी त्यांच्या घरी भेटायला गेले होते, त्याला जवळ घेऊन बसले होते म्हणे. मला "म्हणे" लिहावं लागतंय, कारण ती दुपार माझ्याकडे नाहीच. अंधुकसुद्धा नाही.

त्या रात्री मी एस्सिटालोप्राम बंद केली, झोपेची तेवढी ठेवली. कुणालाही न विचारता, एकदम. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. करी रोडच्या पुलावर कठडा धरून उभी राहिले. गोळी अचानक सोडल्यावर असं होतं, हे मला नंतर कळलं. महिन्याभरात अंघोळ करणंही डोंगराएवढं वाटायला लागलं आणि नवरा मला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टर रागावले नाहीत. सोडियम, थायरॉइड, बी-१२ तपासायला सांगितलं. बी-१२ कमी निघालं. मग त्यांनी क्लोनाझेपामबद्दल विचारलं. ती त्यांनी तीन आठवड्यांसाठी दिली होती. झोप लागते म्हणून मी जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर आणत राहिले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवी आठवण पक्की होण्यात नेमकी तीच गोळी आड येऊ शकते, असं ते म्हणाले. अमिट्रिप्टिलिनसारख्या डिप्रेशनच्या जुन्या गोळ्याही विसराळूपणा आणू शकतात, म्हातारपणी जास्त. एस्सिटालोप्रामचा तसा त्रास कमी, पण कुणालाच होत नाही असं नाही. आणि डिप्रेशनमध्ये लक्षच लागत नाही, मग लक्षात राहणार काय?

हे शेवटचं मला पटलं नव्हतं. आजाराच्या डोक्यावर खापर फोडणं त्यांना सोपं आहे, असं वाटलं होतं. मग मी माझी जुनी टाचणवही काढली. गोळ्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्या. त्याआधी जूनमध्येच मी एकच धडा दोन दिवसांच्या अंतराने दोनदा नव्याने घेतल्याची नोंद होती, माझ्याच अक्षरात. मुलांनी सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

म्हणजे गोळ्या निर्दोष? तसंही मी म्हणणार नाही. त्या वर्षी रडू आटलं होतं तसं हसूही आटलं होतं. कुणाच्या घरी माणूस गेलं तरी आत काही हलत नव्हतं. या गोळ्यांनी काहींना असं होतं, हे डॉक्टरांनीही मान्य केलं. त्या दुपारी मला काही लागलंच नसेल, म्हणून ती राहिली नसेल? की क्लोनाझेपाम, की बी-१२, की आजारच? मी सारखा हिशेब मांडते, पण तो जमत नाही.

क्लोनाझेपाम त्यांनी काही आठवड्यांत हळूहळू कमी करून बंद केली. एस्सिटालोप्राम पुन्हा सुरू केली, ती मी आजही घेते. नावं बरीचशी परत आली आहेत, तरी घरची माहिती आता वहीत लिहून ठेवते. तुमची चिठ्ठी घेऊन मात्र माझ्याकडे येऊ नका. विसरायला होत असेल तर ज्यांनी ती लिहिली त्यांना सांगा, आणि माझ्यासारखी एका रात्रीत बंद करू नका.

त्या दुपारी माझ्याबरोबर आलेल्या बाईंना मी दोनदा सगळं विचारून घेतलं. चौथा मजला होता, लिफ्ट बंद होती, तुम्ही दोनदा दम खायला थांबलात, असं त्या सांगतात. मला तो जिना अजून आठवत नाही.