तुम्ही विचारलंत म्हणून: रिव्हरपॉड घेऊ का ब्लॉक?

आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच, नावं तेवढी बदलतात. रिअ‍ॅक्टवाले म्हणजे वेब पानं बनवणारे विचारतात, रिडक्स शिकू का झुस्टँड. फ्लटरवाल्यांचं, म्हणजे मोबाईल ॲप बनवणाऱ्यांचं, रिव्हरपॉड का ब्लॉक. ही सगळी लायब्ररींची, म्हणजे तयार कोडच्या संचांची नावं; ॲपची माहिती, म्हणजे त्याची "स्टेट", सांभाळायचं काम त्यांचं. गेल्या रविवारी हा प्रश्न तर्री पोह्याच्या गाडीवर आला. शेजारच्या वहिनींचा भाचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, एका हातात प्लेट, दुसऱ्यात मोबाईल.

"ताई, दोन आठवडे झाले, नुसते व्हिडिओ पाहून राहिलो. एक म्हणते ब्लॉक घ्या, दुसरा म्हणते रिव्हरपॉड, तिसरा म्हणते हे सगळं सोडा, गेट-एक्स घ्या. ॲपची एक स्क्रीन नाही झाली अजून."

ॲप होतं मेसचं. लक्ष्मीनगर भागातल्या एका मेसवाल्या काकूंना विद्यार्थ्यांच्या थाळ्यांचा हिशेब मोबाईलवर हवा होता, आणि तो हे काम फुकट जेवणाच्या बोलीवर करत होता. चांगला सौदा आहे.

आधी शब्दाचं बघू. नागपुरात चारचौघांत "स्टेट वेगळी ठेवली पाहिजे" असं म्हटलं की शेजारच्या टेबलावरचे काका विदर्भाचा विषय निघाला समजून खुर्ची ओढून घेतात. आमची स्टेट त्या मानाने फार लहान. ॲप चालू असताना त्याला या क्षणी जे जे लक्षात ठेवावं लागतं ते सगळं म्हणजे स्टेट: आजचा मेनू, उरलेल्या थाळ्या, "आज रात्री जेवण नको" हे बटण दाबलं की नाही, कोणता टॅब उघडा आहे, नावाच्या चौकटीत अर्धवट टाईप झालेलं नाव. रिअ‍ॅक्ट घ्या, फ्लटर घ्या, अँड्रॉइडचं कंपोझ घ्या नाहीतर ॲपलचं स्विफ्टयूआय, ही सगळी स्क्रीन बनवायची साधनं, आणि सगळ्यांचा करार एकच: माहिती तुम्ही बदला, चित्र आम्ही काढतो. भांडणं होतात ती ही माहिती ठेवायची कुठे आणि तिला हात लावायचा हक्क कोणाला, यावरून.

भांडण जुनं आहे. २०१४ साली फेसबुकच्या मंडळींनी फ्लक्स नावाची पद्धत लोकांपुढे मांडली तेव्हा उदाहरण दिलं ते त्यांच्याच चॅटमधल्या एका चिवट चुकीचं. वर नवा मेसेज आल्याचा आकडा दिसायचा, उघडून पाहिलं तर आत काहीच नाही. दुरुस्त करावी तर काही दिवसांनी पुन्हा हजर. न वाचलेल्यांचा आकडा एकीकडे, संवादांची यादी दुसरीकडे, उघडी चॅट तिसरीकडे, आणि जो तो दुसऱ्याला परस्पर बदलत होता. त्यांनी नियम केला की माहिती एकाच दिशेने वाहील. काय घडलं ते सांगा, ते एका ठिकाणी नोंदलं जाईल आणि तिथून सगळ्या स्क्रीनवर उतरेल. २०१५ मध्ये डॅन अब्रामॉव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी त्याच विचाराला धरून रिडक्स काढलं, आणि पुढची काही वर्षं रिअ‍ॅक्ट म्हटलं की रिडक्स आलंच असं होऊन बसलं. खुद्द अब्रामॉव्हनेच २०१६ मध्ये लिहिलं होतं की कदाचित तुम्हाला रिडक्सची गरजच नसेल. वाचलं सगळ्यांनी, ऐकलं कोणीच नाही. मीही नाही.

त्याचा हिशेब कळमन्यात चुकता झाला. काही वर्षांपूर्वी कळमना बाजारातल्या एका अडत्यासाठी आम्ही तिघांनी ॲप केलं. संत्र्याचा हंगाम, पहाटेपासून गाड्या लागलेल्या. प्रत्येक गाडीची नोंद करायची: शेतकरी, गाव, वजन, बोली, खरेदीदार. शेवटी शेतकऱ्याची पट्टी निघायची, म्हणजे हमाली-तोलाई वजा जाता त्याच्या हातात किती पडणार तो कागद.

मी गाड्यांची यादी सर्व्हरवरून आणून रिडक्समध्ये ठेवली. एखादी गाडी उघडली की तिची एक प्रत तपशिलाच्या स्क्रीनवर घ्यायची, कारण मुनीमजी "सेव्ह" दाबेपर्यंत मूळ नोंद हलायला नको. स्क्रीनच्या माथ्यावर दिवसभराचं एकूण वजन, तेही वेगळं साठवलं. दरवेळी बेरीज कशाला करत बसायची! एका सकाळी मुनीमजींनी काट्याची चिठ्ठी पाहून एका गाडीचं वजन २४८० किलोवरून २८४० केलं आणि सेव्ह दाबलं. शेडमध्ये नेटवर्क गटांगळ्या खात होतं. दुरुस्ती सर्व्हरपर्यंत पोचायच्या आत मागून यादी "ताजी" होऊन आली, म्हणजे जुनीच यादी. तपशिलात २८४०, यादीत २४८०, माथ्यावरच्या बेरजेत भलतंच काहीतरी. पट्टी निघाली यादीवरून. ३६० किलो संत्री ॲपने गिळली.

पकडलं मुनीमजींनीच. ॲपवर त्यांचा विश्वास नव्हताच, लाल वही मांडीवर होती. शेतकऱ्याच्या हातात जायच्या आधी त्यांनी ती पट्टी माझ्यासमोर फाडली आणि शांतपणे म्हणाले, "बाई, आमच्या वहीत वजन एकाच जागी रायते. खोडलं त तिथंच खोडतो. तुमच्या मोबाईलात किती वह्या हायेत?"

घरी येऊन मोजल्या. चार. एक तर मी विसरूनच गेले होते, ऑफलाईनसाठी फोनच्या स्टोरेजमध्ये टाकून ठेवलेली.

रिडक्सने यात काहीच वाकडं केलं नव्हतं. झुस्टँड असतं तरी ३६० किलो गेलेच असते आणि ब्लॉक असतं तरी. तेव्हापासून मला कोणी नाव विचारलं की मी आधी कागद काढायला लावते.

भाच्याकडे कागद नव्हता. पोह्याच्या गाडीवर कागदाला काय तोटा. त्याने रद्दीच्या तुकड्यावर १९ गोष्टी लिहिल्या, आणि आम्ही एकेकीसमोर तिचा मालक लिहीत गेलो.

अर्धवट टाईप केलेलं नाव, उघडलेली-मिटलेली यादी, निवडलेला टॅब. ही स्क्रीनबरोबर जन्मते आणि स्क्रीनबरोबरच मरते. फ्लटरचं अधिकृत मार्गदर्शन अशा क्षणिक स्टेटसाठी सेट-स्टेट ही फ्लटरमधलीच साधी सोय पुरेशी आहे असं सरळ सांगतं. रिअ‍ॅक्टमध्ये तेच काम यूज-स्टेट करतं, कंपोझमध्ये रिमेंबर. सेट-स्टेट वापरलं तर आपण कच्चे समजले जाऊ, ही भीती या पोट्ट्यांच्या डोक्यात कोण घालतं कोण जाणे. सहा गोष्टी तिथेच कटल्या.

मग उरलेल्या थाळ्या. हा आकडा साठवायचाच नाही, घेतलेल्यांतून खाल्लेल्या वजा करायच्या. जे दुसऱ्या माहितीवरून काढता येतं ते साठवलं की दुसरी वही उघडलीच म्हणून समजा. वजाबाकी करायला फोनला किती वेळ लागतो? कळमन्यात ती बेरीज वाचवून मी काय मिळवलं, ते वर सांगितलंच आहे.

खरा गुंता मेनू, दर, हजेरी, बिलं यांचा, आणि बहुतेक जण फसतात ते इथेच. ही माहिती आपली नसते. ती सर्व्हरची, आपल्याकडे तिची फक्त झेरॉक्स. झेरॉक्स म्हटलं की वेगळेच प्रश्न उभे राहतात: कधी काढलेली, शिळी कधी धरायची, दोन स्क्रीननी एकाच वेळी मागितली तर सर्व्हरला दोनदा का छळायचं, नेट गेलं तर जुनीच दाखवायची की कोरं पान. रिडक्सच्या जमान्यात हे सगळं आम्ही हाताने लिहायचो, आणि दर प्रोजेक्टमध्ये वेगळ्या ठिकाणी चुकायचो. आता हे सगळं सांभाळणारी टॅनस्टॅक क्वेरी आहे, जिला आधी रिअ‍ॅक्ट क्वेरी म्हणायचे. रिडक्सवाल्यांसाठी तेच काम करणारी आरटीके, म्हणजे रिडक्स टूलकिट, क्वेरी आहे. फ्लटरमध्ये रिव्हरपॉडचं असिंक-व्हॅल्यू निदान एवढं तरी करतं की "येतंय", "आलं" आणि "बिघडलं" या तिन्ही शक्यता एकाच डब्यात ठेवतं. तिन्हींसाठी तीन वेगळे झेंडे, म्हणजे हो-नाहीच्या खुणा, ठेवले की एखाद्या दिवशी लोडिंगचं चक्रही फिरत असतं आणि खाली लाल अक्षरात एररही.

"आज जेवण नको" या एका बटणावर आमचा दुसरा चहा झाला. दाबल्यावर लगेच रंग बदलायला हवा, नाहीतर पोरं पाच वेळा दाबतात. पण काकू दुपारी चारनंतर भाजी चिरायला घेतात, त्यानंतरचा "नको" धरत नाहीत. म्हणजे निर्णय सर्व्हरचा, पर्यायाने काकूंचा. ॲपने आधी होकार धरून चालायचं, आणि नकार आला तर बटण गुपचूप मागे न नेता का नेलं तेही दाखवायचं. ही वाट तुमच्या लायब्ररीत किती सोपी आहे, ते करून बघा. माझ्या मते लायब्ररीची परीक्षा घ्यायला एवढं एक बटण पुरे.

काकूंसाठी एक वेब पान होतं, तारखेनुसार हजेरी बघायला. निवडलेली तारीख आणि फिल्टर कुठे ठेवायचे? यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या पत्त्यात. काकूंनी ते पान व्हॉट्सॲपवर दिराला पाठवलं तर त्याच्याकडे तीच तारीख उघडली पाहिजे, आणि रिफ्रेश केलं तरी. वेबवर ही जागा फुकट मिळते, आणि फार कमी जण तिच्याकडे बघतात.

मोबाईलची खोड वेगळी. ब्राउझरमध्ये रिफ्रेश माणूस स्वतः करतो, त्याला कळतं. अँड्रॉइड मात्र तुम्ही कॅमेऱ्यात गेलात, मेमरी कमी पडली, की मागच्या मागे ॲप मारून टाकतो. तुम्ही परत येता तेव्हा तुमच्या हिशेबी ॲप उघडंच होतं. व्ह्यूमॉडेल, म्हणजे अँड्रॉइडमध्ये स्क्रीनची माहिती धरून ठेवणारा कोड, स्क्रीन आडवी केली तरी टिकतं, पण या मरणातून वाचत नाही. बारीकसारीक गोष्टींसाठी सेव्ह्ड-स्टेट-हँडल ही अँड्रॉइडचीच जपून ठेवायची सोय, बाकीच्यासाठी सरळ फोनमधला एसक्यूलाईट डेटाबेस. कळमन्याचं ॲप शेवटी याच वाटेने सुधारलं. वजन आधी फोनमधल्या डेटाबेसात, सगळ्या स्क्रीन फक्त तिथूनच वाचणार, सर्व्हरला पाठवणं मागे चालू राहणार. मी त्या फाईलला "वही" असंच नाव दिलं होतं. नंतर आलेल्या एका ज्युनिअरने ते बदलून इंग्रजी केलं, मला अजून राग आहे.

उरल्या चार: भाषा, लॉगिन कोणाचं, डार्क मोड, आणि नेट नसताना दाबलेले पण अजून न गेलेले "नको". यांच्यासाठी लायब्ररी निवडायची.

आता नावं. माझी मतं आहेत, पटली तर घ्या. रिअ‍ॅक्टमध्ये उरलेल्या चार-सहा गोष्टींसाठी मी झुस्टँड घेते, छोटं आहे आणि अंगावर येत नाही. (झुस्टँड म्हणजे जर्मनमध्ये स्थिती, जोताई या दुसऱ्या लायब्ररीचं नाव म्हणजे जपानीत स्थिती. नावं ठेवणाऱ्यांची कल्पनाशक्ती संपली होती एकंदरीत.) त्यातलंच अंगभूत कॉन्टेक्स्ट भाषा-थीमसाठी ठीक, सतत बदलणारी गोष्ट त्यात टाकली की ती वाचणारे सगळे तुकडे पुन्हा पुन्हा रंगवले जातात. मोठ्या टीममध्ये, कुठल्या क्षणी काय घडलं याचा माग हवा असेल तर रिडक्स टूलकिट अजूनही उत्तम. व्ह्यू (Vue) या वेबच्या दुसऱ्या साधनात विचार करू नका, पिनिया घ्या. अँग्युलर या तिसऱ्या साधनाला १६ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, सिग्नल्स ही स्टेटची अंगभूत सोय मिळाली आहे. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागतं. फ्लटरमध्ये एकटे असाल तर रिव्हरपॉड. आठ-दहा जण असतील, दर सहा महिन्यांनी त्यातले दोघं पुण्याला पळत असतील, तर ब्लॉक. लिहायला जास्त, पण प्रत्येक घटनेला नाव असल्यामुळे नवा माणूस कोड वाचून चालायला लागतो. गेट-एक्स मी टाळते. स्टेट, स्क्रीनची ये-जा, बाकीची जोडाजोड सगळं एकाच्याच हातात द्यायला माझा जीव होत नाही.

आणि कुठल्याच नावाच्या प्रेमात पडू नका. फेसबुकच्या घरची रिकॉइल ही लायब्ररी २०२० मध्ये आली तेव्हा केवढा गाजावाजा होता. जानेवारी २०२५ मध्ये तिचं गिटहबवरचं, म्हणजे कोड ठेवायच्या जागेवरचं, दुकान कुलूपबंद झालं. थाळ्यांची वजाबाकी आणि चार वाजताचा नियम साध्या फंक्शनमध्ये, लायब्ररीच्या बाहेर लिहिला असेल तर अशा दिवशी फक्त दोन-चार फाईली बदलतात.

मुलाखतीसाठी विचारत असाल तर वेगळं उत्तर: जाहिरातीत जे नाव आहे ते शिका. तिथे वाद घालू नका.

भाच्याने रद्दीचा तुकडा घडी करून खिशात ठेवला. बुधवारी त्याचा मेसेज आला, सोबत तीन स्क्रीनचे फोटो. मेनू, हजेरी आणि ते "नको" बटण. खाली लिहिलं होतं, "ताई, चार गोष्टी राहिल्या. आता तरी सांगा, रिव्हरपॉड का ब्लॉक?"

मी लिहिलं, रिव्हरपॉड, तू एकटा आहेस म्हणून. आणि काकूंना विचार, रविवारी चारची वेळ तीच असते का.

त्याने विचारलं. रविवारी एकच वेळ जेवण असतं, सकाळचं. "नको" शनिवारी रात्री नऊच्या आत.