आमची वाटचाल: पत्र्याच्या पाटीपासून परवान्याच्या फायलीपर्यंत

पुण्यात आमचं काम सुरू झालं ते पत्र्याच्या पाट्या रंगवण्यापासून. 24 गेजचा जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, मागे लाकडी पट्ट्यांची चौकट, वर इनॅमल पेंट. पाटी जेमतेम 6 बाय 2 फुटांची. भिंतीत गुट्टी ठोकून स्क्रू आवळले की काम झालं. फ्लेक्स आला आणि सगळा हिशेबच बदलला. छपाई स्वस्त झाली तसं गिऱ्हाईक 20 बाय 10 मागू लागलं. कापड हलकं म्हणजे फलक हलका, हा समज तेव्हा बाजारात पक्का होता आणि अजूनही पुरता गेलेला नाही.

खरा भार वाऱ्याचा. आयएस 875 या बांधकामावरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर धरलाय, मुंबईसाठी 44. दाबाचं गणित सोपं आहे: वेगाचा वर्ग करून 0.6 ने गुणायचं. पुण्यात हे चौरस मीटरला सुमारे 93 किलो भरतं. 20 बाय 10 फूट म्हणजे 18.6 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन टनांचा रेटा, आणि तोही उंचीचे, आकाराचे गुणक लावायच्या आधी. मागून वारा आला की हाच रेटा फलक भिंतीतून उपटायला बघतो. गच्चीच्या विटांच्या कठड्यात मारलेला 10 एमएमचा अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, इथे टिकत नाही; वीट फुटते आणि फास्टनर अख्खा बाहेर येतो. म्हणून गच्चीवर आम्ही कठड्याला हातच लावत नाही. सांगाडा बीम किंवा कॉलमवरच बसवायचा आणि मागचे तिरके टेकू स्लॅबखालचा बीम शोधून त्याच रेषेत घ्यायचे. फ्लेक्सला चंद्रकोरी भोकं पाडली की वारा निघून जातो, असं सांगणारे भेटतात. त्या भोकांचं क्षेत्रफळ मोजून बघावं. रेटा जवळजवळ तेवढाच राहतो आणि कापड तिथूनच फाटायला लागतं.

13 मे 2024 ला घाटकोपरचा फलक पडून 17 जण गेले. मुंबई महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 फूट असताना तो पालिकेने तेव्हा दिलेल्या माहितीनुसार 120 बाय 120 चा होता. बाजू तिप्पट, पण क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे रेटाही नऊपट. व्हीजेटीआय या मुंबईतल्या अभियांत्रिकी संस्थेच्या तज्ज्ञांनी नंतर पाया तपासला. 44 मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी 158 किलोमीटर वाऱ्याला पुरायला हवा होता तो पाया ताशी 49 पर्यंतच टिकण्याजोगा निघाला, आणि त्या दिवशी वारा होता 87 चा. तेव्हापासून चौकशीला येणारी माणसं पायाबद्दल आपणहून विचारतात. आधी फक्त दर विचारायची.

परवान्याचं काम पुण्यात पालिकेच्या आकाशचिन्ह व परवाना विभागात चालतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं 244 आणि 245, शिवाय मे 2022 चे नियम. आम्ही फाइल लावतो त्या क्रमाने सांगायचं तर जागेच्या मालकाचं किंवा सोसायटीचं ना हरकत पत्र, जागेचा नकाशा आणि फोटो, मापांसह सांगाड्याचं ड्रॉइंग, रचना अभियंत्याचा स्थिरता दाखला. चौकाजवळ असेल तर वाहतूक पोलिसांचं पत्रही लागतं. फाइल बहुतेकदा सोसायटीच्या पत्रावर अडते. अध्यक्षांची सही असते, पण ठरावाची प्रत नसते. दुसरा घोटाळा फुकटच्या बोर्डाचा. रंगाची किंवा सिमेंटची कंपनी दुकानदाराला बोर्ड करून देते, त्यावर दुकानाचं नाव बोटभर आणि कंपनीचं हातभर. मग पालिका त्याला नामफलक न म्हणता जाहिरात म्हणते आणि शुल्काची नोटीस दुकानदाराच्या नावे येते. जीएसटीबरोबर 2017 मध्ये जाहिरात कर गेला हे खरं. परवाना शुल्क गेलेलं नाही.

झाडाच्या फांद्या आड येतात म्हणून त्या छाटून द्या, ही मागणीही नेहमीची. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय आम्ही कोयता उचलत नाही.

मराठी पाट्यांची लाट आली ती 2022 च्या दुरुस्तीनंतर. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही नियम लागू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने दिलेली मुदत नोव्हेंबर 2023 ला संपली. मराठी अक्षरं पाटीवर सुरुवातीला हवीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत, अशी अट. पण कारागिराला ती महागात पडते. आतून उजळणाऱ्या अक्षरांत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच डबा होतो, त्यामुळे एक कोपरा चुकला तरी सगळा शब्द परत. उंची आम्ही शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत धरतो, वेलांटी-मात्रा वेगळ्या. अक्षराच्या रेघेची जाडी 30 एमएमपेक्षा कमी झाली की 'थ' आणि 'श' च्या गाठीत एलईडी मॉड्यूल नीट बसत नाही, प्रकाश ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. अनुस्वार तर सुटाच तुकडा: त्याला स्वतःची वायर, धरून ठेवायला स्वतःचे दोन स्टड म्हणजे सळ्या. घाईच्या कामात तो नुसत्या सिलिकॉनवर चिकटवतात. पहिल्या पावसाळ्यात 'आनंद' चा 'आनद' होतो तो यामुळेच.

विजेचं थोडक्यात: 12 व्होल्टच्या एसएमपीएसवर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीवर, 80 टक्क्यांपेक्षा जास्त भार नको, मॉड्यूलची माळ कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे लांबवायची नाही, नाहीतर शेवटची अक्षरं मिणमिणतात. लोखंडी चौकटीला अर्थिंग, पुरवठ्याला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. पेटीत शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

वर्षभराच्या देखभालीतली मोठी तपासणी आम्ही एप्रिलमध्ये करतो, कारण वळवाचे वारे पावसाची वाट बघत नाहीत. चौकोनी पाइपच्या तळाशी 6 एमएमचं भोक असतं, ते आधी तारेने मोकळं करायचं. तिथे साचलेलं पाणी पाइप आतून खातं आणि बाहेरचा रंग मात्र छान दिसत राहतो. हातोडीने ठोकून बघायचं; आवाज बद्द आला की तो तुकडा बदलायचा. बोल्ट पान्याने आवळायचे, वेल्डवर तांबूस रेघ दिसली तर घासून पुन्हा वेल्ड, मग रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग.

फलक उतरवायचं काम लावण्याइतकंच जोखमीचं, आणि त्याला पैसे द्यायला कोणी तयार नसतं. 5 ऑक्टोबर 2018 ला पुण्यात जुन्या बाजाराजवळ सांगाडा काढताना तो सिग्नलला थांबलेल्या वाहनांवर कोसळला, 4 जण गेले. खालून कापायला वेळ कमी लागतो, म्हणून तसं सांगणारे आहेत. आम्ही आधी कापड काढतो, मग वरचा भाग क्रेनच्या पट्ट्यात धरून तुकड्यातुकड्याने कापतो, आणि तेवढा वेळ खालचा रस्ता बंद ठेवायची लेखी परवानगी घेतो. कोटेशनमध्ये ही ओळ वेगळी असते आणि ती खोडून दर कमी करून मिळत नाही.