मुरुडचा कॅम्प: तारखा बदलल्या, भरती-ओहोटीचं गणित सुटलं

मंडळी, मुंबई मॅरेथॉनच्या तयारीसाठी समुद्रावर पळायचा जो कॅम्प ठरवलाय, त्याच्या तारखा बदलायलोय. 12 ते 14 डिसेंबर रद्द, आता 22 ते 24. ज्यांनी सुट्टी टाकली असेल त्यांनी आधी पूर्ण वाचा, मग फोन करा.

मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं की दापोलीजवळच्या मुरुडला वाडीतला होमस्टे जवळजवळ पक्का झालाय. त्याच्या आधी पाहिलेलं रिसॉर्ट सोडलं ते बरंच झालं, कारण तिथं गेट सकाळी सातला उघडतं आणि नाष्टा साडेआठला, आपण काय तिथं झोपायला जायलोय का? होमस्टेवाल्या काकूंनी स्वतःहून सांगितलं की पाचला चहा आणि उकडलेली रताळी तयार ठेवते. आंघोळीला बंब आहे, मागच्या पडवीत दोऱ्या बांधलेल्या, आणि अंगणात नळ आहे म्हणजे वाळूचे पाय घेऊन कोणी खोलीत जाणार नाही. ही शेवटची गोष्ट लई महत्त्वाची, बुटात वाळू राहिली की दुसऱ्या दिवशी टाचेला फोड ठरलेला.

एवढं सगळं जुळलं आणि मग आपल्या ग्रुपमधला एक जण घरच्यांसोबत तिकडं गेला होता, त्याने सकाळी सहाचा व्हिडिओ पाठवला. तो बघून माझं डोकंच फिरलं. पाणी वर आलेलं, आणि सुरूच्या झाडांपर्यंत जी पट्टी उरलेली ती कोरडी, भुसभुशीत, घोट्यापर्यंत पाय रुतायला, आणि वरून उतार. अशा वाळूत दहा किलोमीटर म्हणजे पोटरी आणि अकिलिसचं (टाचेमागच्या शिरेचं) वाटोळं. उतारावर पळताना एक पाय सतत खाली पडतो, त्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होतं ते वेगळंच. आणि आपण तर तो बीच सपाट, कडक वाळूचा म्हणून निवडलेला.

मग भरती-ओहोटीची ॲप उघडून बसलो. एक ॲप मुंबईची वेळ दाखवतं, दुसरं रत्नागिरीची, तिसऱ्यात उंची फुटात आहे की मीटरमध्ये तेच कळंना. तक्ते बरोबर असतील, पण कुठल्या आठवड्यात जावं हे त्यातून पटकन दिसत नाही, एकेक दिवस उघडून बघा. शेवटी काकूंच्या यजमानांना फोन लावला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथी कुठली होती त्या दिवशी?" अष्टमी होती. "मग सकाळी भरतीच असणार, आणि भांगाचं पाणी, ते ओहोटीलाही फार मागं जात नाही."

तिकडं पिढ्यानपिढ्या चालत आलेला हिशोब असाय की तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. तिथून सव्वासहा तास मागं-पुढं केलं की ओहोटी. रोज भरती पाऊण-एक तास पुढं सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि ओहोटीला मागंही लई जातं, आणि जी ओली, दाबलेली, सपाट वाळू उघडी पडते तीच आपल्याला पाहिजे. अष्टमीच्या आसपास याच्या उलट, तेच भांगाचं पाणी. म्हणजे अष्टमीला दोन्हीकडून मार, वेळही चुकीची आणि पट्टीही अरुंद.

भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि अर्ध्या तासात कोडं सुटलं. आपले 12, 13, 14 डिसेंबर म्हणजे वद्य अष्टमी, नवमी, दशमी. भरती सहा, पावणेसात, साडेसात. नेमकी पळायच्या वेळेला! आणि 22, 23, 24 म्हणजे पौष शुद्ध द्वितीया, तृतीया, चतुर्थी. भरती दुपारी दीड, सव्वादोन, तीन. ओहोटी सकाळी साधारण सव्वासात, आठ, पावणेनऊ. उजेड होता होता पाणी मागं सरकत असणार आणि आपण त्याच्या मागोमाग ओल्या वाळूवर. रत्नागिरीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, थोडाफार फरक आहे पण आपलं काम होतंय. लई भारी वाटलं राव.

सोमवार ते बुधवार आहे हे माहितीय. पण मधल्या वारी खोल्या स्वस्त, आणि नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आत आपण बाहेर. ज्यांच्या घरी अमावास्येला प्रवास नको म्हणतात त्यांनी सांगा की अमावास्या शनिवारी सकाळीच संपते, आपली टेम्पो ट्रॅव्हलर शनिवारी रात्री निघणार. लातूर, पुणे, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड, दापोली. रविवारी फक्त चालणं आणि झोप, एवढ्या प्रवासाने सुजलेल्या पायांना पळवायचं नाही.

काही जण परत विचारायलेत की मुंबई मॅरेथॉनसाठी एवढ्या लांब कशाला, लातूरचा रिंग रोड आहे की. कारण दमट हवा. आपण सहाशे मीटरवरच्या कोरड्या हवेत तयारी करतो, इथं घाम येतो आणि उडून जातो. समुद्रावर घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही आणि त्याच पेसला (वेगाला) हार्ट रेट चढतो. पूर्ण सवय व्हायला दोन आठवडे लागतात, तेवढे आपल्याकडे नाहीत. पण मीठ-पाणी किती लागतं आणि कुठला पेस टिकतो हे तीन दिवसात कळेल, आणि 18 जानेवारीच्या मॅरेथॉनला अजून साडेतीन आठवडे असतील.

आता हे लिहिता लिहिताच एक सुचलं. मंगळवारचा लाँग रन मी पूर्ण वाळूवर धरला होता, तो बदलू. साडेसहा ते आठ वाळूवर जाऊन-येऊन, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा वाटला जाईल, मग बूट बदलून रस्त्याने आसूद गावामार्गे वर दापोलीला. दापोली समुद्रापासून दोनशे मीटरच्या वर आहे, आणि मुंबईत पेडर रोडचा चढ पस्तीस किलोमीटरनंतर येतो तेव्हा पाय असेच थकलेले असतात. चढ शेवटी ठेवला तरच त्याचा उपयोग. गाडी वर थांबेल. मग सोमवारी फक्त ईझी रन, बुधवारी थोडे अनवाणी स्ट्राइड्स (छोट्या अंतराच्या वेगवान धावा), जास्त नाही, पोटऱ्या लगेच धरतात.

दोन जोड बूट आणा, वाळूला जुनाच. बूट कोरडे करायला वर्तमानपत्र आणा, तिकडच्या हवेत रात्रीत काही वाळत नाही. अंधारात वाळूवर हेडलॅम्प लावून जायचं नाही, नोव्हेंबरपासून त्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, उजेडाने ती माघारी फिरतात. ज्वारीचं पीठ मी घेतोय, काकू भाकरी थापायला तयार आहेत, तांदळाची त्यांची भाकरी पण खाऊच.

ॲडव्हान्स गुरुवारी पाठवायचाय, त्याच्या आत कोण येणार ते कळवा. आणि आसूदचा चढ अलीकडं कोणी पळला असेल तर रस्त्याची अवस्था सांगा, खोदकाम असेल तर लाँग रन हर्णैच्या बाजूने वळवावा लागेल.