कालनिर्णयवरचा ‘व’

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, आणि मार्च लागला की रोजच्या चौकोनात एक बारीक ‘व’ असतो. व म्हणजे वटवट्या, एक चिमुकला पक्षी. आईला बरेच दिवस वाटत होतं की व म्हणजे व्यायाम, आणि मी तो नेमाने करते.

राखी वटवट्या इथलाच, बारमाही. माझा वटवट्या पाहुणा, पर्णवटवट्यांपैकी. हिरवट, बोटभर. पावसाळा सरता सरता येतो आणि खिडकीसमोरच्या कडुलिंबात मुक्काम ठोकतो. वजन आठेक ग्रॅम, म्हणजे माझ्या चहातली दोन चमचे साखर. एवढ्याशा जिवावर तो उन्हाळ्यात हिमालयात, नाहीतर त्याच्याही पलीकडे घरटं करायला निघतो.

दिसणं मात्र महाकठीण. हिरव्या पानांत हिरवट पक्षी, तोही क्षणभर एका जागी न ठरणारा. दुर्बीण लावेपर्यंत फांदी रिकामी. डोळ्यावर फिकट भुवई आणि पंखावर एक बारीक रेघ एवढ्याच काय त्या खुणा, आणि रेघ झिजलेली असली की बोंबला. शेवटी मी कानावर विसंबते. ‘च्विसी’ ऐकू आलं की हजेरी लागली. या दुर्बिणीपायी समोरच्या काकूंनी एकदा खिडकीचा पडदा खसकन ओढून घेतला. मग मी पुस्तक घेऊन त्यांच्या घरी गेले, चित्र दाखवलं. “अगबाई, एवढ्याशा चिमणीसाठी?” आता त्याच विचारतात, “आहे का गं अजून?”

त्याची एक गंमत त्यांनाही आवडली. तिबेटच्या पठाराला वळसा घालून या पक्ष्याची वस्ती पसरलेली आहे. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तसं याचं गाणं मुलखागणिक थोडं थोडं बदलत जातं. पठाराच्या पश्चिमेने आणि पूर्वेने वर गेलेले वटवटे सायबेरियात पुन्हा समोरासमोर येतात, तोवर फरक इतका पडलेला असतो की एकमेकांचं गाणं त्यांना आपलं वाटत नाही, जोड्या जमत नाहीत. टाइसहर्स्ट नावाच्या अभ्यासकाने 1938 मध्येच हे वर्तुळ ओळखलं होतं. काकू म्हणाल्या, “आमची सून नागपूरची. भाषेवरून भांडतात दोघं, पण जमलंय.”

पाडव्याला गुढीसाठी डहाळा तोडायला गच्चीत गेले, तेव्हा तो हाताच्या अंतरावर होता. कडुलिंब ऐन फुलोऱ्यात. तुऱ्याखाली उलटा लटकून त्याने देठाशी चोच मारली, एक चिलट टिपलं, आणि चार पांढऱ्या पाकळ्या माझ्या मनगटावर पडल्या. डहाळा तोडायचा राहिला. गुढीला शेवटी काकूंकडचा पाला लागला.

हा आल्याचा दिवस सांगता येतो, गेल्याचा नाही. हे पक्षी रात्री निघतात. सकाळी नुसतं झाड उरतं, आणि झाड तर रोजच बराच वेळ गप्प असतं. गेल्या वर्षी 19 एप्रिलला व लिहिला. 20 ला काही ऐकू आलं नाही. वाटलं, मीच उशिरा उठले. 21 ला लवकर उठले. 22 ला कुकरची शिट्टी बंद करून ऐकलं. 23 ला मान्य केलं. आणि 24 ला चहा गाळताना ‘च्विसी’! आपलाच राहिला होता, की दक्षिणेकडून वर जाणारा कुणी वाटसरू एका दिवसापुरता टेकला होता? आवाज तोच, झाड तेच. काकूंचं मत ठाम, आपलाच. मी व लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

महिनाअखेरीला आई दुधाचा हिशोब घेऊन बसली.

“24 ला प्रश्नचिन्ह कसलं गं?”

“आपला होता की दुसराच कुणी, ते ठरत नाहीये.”

आईने चष्म्यावरून पाहिलं. “दूध आलं होतं ना पण त्या दिवशी?”