कशावरून?

आठवीत असताना विज्ञानाच्या तासाला मी ठासून सांगितले होते, ‘सावली दुपारी बारा वाजता सर्वांत लहान असते.’ बाईंनी मान डोलावली नाही, रागावल्याही नाहीत. ‘कशावरून?’ एवढेच विचारले. पुस्तकात आहे, असे मी म्हणालो. ‘मग ते पुस्तकाला माहीत आहे. तुला?’

दुसऱ्या दिवशी मैदानात काठी रोवून तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखले. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला टेकले तेव्हा एक वेळ टिपली, दुपारनंतर पुन्हा टेकले तेव्हा दुसरी. या दोन वेळांच्या बरोबर मधली वेळ, ती सर्वांत आखूड सावलीची. बारा वाजून गेल्यानंतरची निघाली! घड्याळातले बारा प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताचे. आमची शाळा त्याच्या पश्चिमेला, म्हणून आमची खरी मध्यान्ह उशिरा. माझे उत्तर चुकले याचे दुःख झाले नाही. पण चुकीच्या उत्तराबद्दलही खऱ्या उत्तराइतकीच खात्री वाटत होती, याने मी हादरलो. आतून दोन्ही सारखीच वाटतात.

कॉलेजात प्लेटोचा ‘मेनो’ हा संवाद वाचला. लॅरिसा या ग्रीक शहराचा रस्ता ज्याला माहीत आहे तो तिथे पोहोचतो. ज्याचा नुसता अंदाज बरोबर आहे तोही पोहोचतो. मग ज्ञानाचे मोल जास्त का? सॉक्रेटिस म्हणतो, खरी मतेसुद्धा ग्रीक पुराणकथेतला कारागीर डीडॅलस याच्या चालत्या पुतळ्यांसारखी असतात. बांधली नाहीत तर पळून जातात. कारण समजले की ती बांधली जातात. वाचताना मला बाईंच्या हातातली ती दोरी दिसली. कुणी ठामपणे ‘नाही, चूक’ म्हटले की नुसता अंदाज डगमगतो. सावली मोजलेला माणूस वाद घालत नाही, पुन्हा काठी रोवतो.

एका बाबतीत मात्र आज मी बाईंशी थोडा असहमत आहे. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, हे मी मोजलेले नाही. तरी ते मला माहीत आहे, असेच मी म्हणेन. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या बरोबरीने शब्द हेही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले, पण तो आप्ताचा शब्द हवा: ज्याला विषय कळतो आणि जो तो जसा आहे तसाच सांगतो. आपले बहुतेक ज्ञान असेच दुसऱ्यांच्या हातून आलेले आहे. तेव्हा सांगणारा आप्त कशावरून, हे विचारणे आलेच.

बाई आप्त कशावरून, हे मला त्याच वर्षी कळले. पहिले मोजमाप नोव्हेंबरच्या मध्याला झाले होते. फेब्रुवारीच्या मध्याला पुन्हा केले तर मध्यान्ह जवळजवळ अर्धा तास पुढे गेलेली. काठी तीच, मैदान तेच. मी विचारले, ‘असे का?’ बाई क्षणभर थांबल्या आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, ‘हे मला माहीत नाही. शोधून सांगते.’ फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी तो प्रश्न लिहिला, भोवती चौकट केली, ‘पुसू नका’ असेही लिहिले.

तो बरेच दिवस तसाच होता. मग एका सकाळी बाई दोन आकृत्या घेऊन आल्या: पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिचा कललेला आस. सगळे समजावून झाल्यावर त्यांनी डस्टर माझ्या हातात दिले.