शेरबूरच्या छत्र्या, मालवणीत

वेल्डरांची दुभाषी म्हणून काम करताना तोंडात दिवसभर तेच शब्द असतात: प्रीहीट, रॉड, ग्राइंडिंग, एक्स-रे फेल, परत भरा. मुंबईत बांधायच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार 2005 साली झाला. त्या जातीच्या पाणबुड्यांची फ्रान्समधली गोदी नॉर्मंडीच्या टोकाला, शेरबूर बंदरात. आपल्याकडची माणसं तिथं शिकायला जात, आणि त्यांच्या नि फ्रेंच फोरमनच्या मधे मी उभी असे. त्या नोकरीतला सगळ्यात दमवणारा दिवस मात्र गोदीतला नव्हता. तो होता एका पावसाळी रविवारी, एका छोट्या सभागृहात.

यजमानांनी हौसेनं ठरवलं की भारतीय पाहुण्यांना गावाचा सिनेमा दाखवायचा. ‘ले पाराप्लुई द शेरबूर’, म्हणजे शेरबूरच्या छत्र्या. दिग्दर्शक झाक दमी, संगीत मिशेल लग्रां, 1964 साली कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार. सबटायटल नाहीत. “मॅडम आहेत ना, सांगतील,” असं परस्पर ठरलं होतं. ऐकता ऐकता बोलायचं असेल तेव्हा दुभाषे जोडीनं बसतात आणि वीस-तीस मिनिटांनी एकमेकांना सोडवतात. मी एकटी, सिनेमा दीड तासाचा, आणि त्यात सरळ बोललेलं एकही वाक्य नाही. सगळं गायलेलं!

हे प्रकरण कळायला पहिलाच प्रसंग पुरे. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक गातं, मेकॅनिक गातो, कोण जादा वेळ थांबणार तेही गाण्यातच. मग सगळे हात धुताना एक जण गातो की आपल्याला ऑपेरा आवडत नाही, ती गाणारी माणसं बघून त्रास होतो, त्यापेक्षा सिनेमा बरा. सभागृह हसलं. आमची मंडळी तीन सेकंदांनी हसली, कारण मी तेवढी मागे होते.

संगीत नाटकात पद संपतं, वन्स मोअर होतो, नट पाणी पितो. इथं श्वास घ्यायला जागाच नाही. वाक्य कुठं संपणार हे व्याकरणावरून नाही तर सुरावरून ओळखावं लागतं, आणि तो सूर हळूहळू आपल्याही गळ्यात शिरतो. एका ठिकाणी मी “आई, मला दिवस गेलेत” हे चक्क चालीवर म्हटलं. शेजारचे मालवणचे काका, सगळ्यात जुने वेल्डर, माझ्याकडे बघायला लागले. तशी पडद्यावरची मंडळीही स्वतःच्या गळ्यानं गात नव्हतीच. नायिका काथरीन दनव्हचा आवाज दानिएल लिकारी या गायिकेचा, आणि तिच्या आईचं काम करणाऱ्या नटीचा आवाज लग्रांच्या बहिणीचा. गाणी आधी रेकॉर्ड झाली आणि नटांनी त्यावर ओठ हलवले.

गोष्ट साधी आहे. 1957 साल. गी हा गॅरेजमधला पोरगा, जनव्हिएव्ह छत्र्यांच्या दुकानातली पोरगी. त्याला सक्तीच्या लष्करी सेवेसाठी अल्जेरियाला जावं लागतं. ती गरोदर. पत्रं तुरळक येतात, आणि ती दुसऱ्याशी लग्न करते. तिथलं फ्रान्सविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध दिसतच नाही. दिसते फक्त टपाल न आलेली सकाळ. बहुतेक परीक्षणं इथं विरहावर थांबतात. माझं मत, ते दीड तास जिभेवरून गेल्यावर झालेलं, थोडं वेगळं आहे: हा पैशाचा सिनेमा आहे. आईला देणं आलंय, ती मोत्यांची माळ विकायला सराफाकडे जाते आणि तिथंच हिऱ्या-माणकांचा व्यापार करणारा कासार नावाचा माणूस तिला भेटतो. पुढे गी परत येतो, मावशी वारल्यावर तिच्या पैशातून पेट्रोलपंप घेतो. त्या सुंदर चालींत गायलं जातं ते हेच, देणी नि किंमती.

काकांनी हे माझ्याआधी पकडलं होतं. कासार माळ विकत घेतो तिथंच ते म्हणाले, “ह्यां लगीन न्हय, व्यवहार.” मग जरा वेळानं, “पण माणूस वायट नाय हां.” खरंच नाही. कासार पोटातल्या पोरासकट तिला स्वीकारतो. दमीनं खलनायकच ठेवलेला नाही, म्हणून राग काढायला कोणी सापडत नाही.

सिनेमा संपल्यावर कॉफी होती. तिथं गोदीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या टेबलाशी आले. छत्र्यांचं ते दुकान म्हणजे री द्यू पोर या रस्त्यावरचं हार्डवेअरचं दुकान, चित्रीकरणासाठी रंगवलेलं, असं त्यांनी सांगितलं. (गावात छत्र्यांचा कारखाना आहे, पण तो सिनेमानंतरचा. पाहुण्यांना हे सांगायला कोणाला आवडत नाही.) काकांनी माझ्यामार्फत अल्जेरियाबद्दल विचारलं, “तुमी होतास काय थंय?” होते. दोन वर्षांहून जास्त, अल्जेरियात, विशीत. दहा लाखांवर पोरं तशी गेली.

काकांचा पुढचा प्रश्न मी जरा मऊ करून विचारला: पत्रं का लिहीत नव्हता तो? गृहस्थ म्हणाले, तिकीट लागत नसे. पाकिटावर टपाल तिकिटाच्या जागी एफ. एम., म्हणजे लष्करी टपालमाफी, लिहायचं, फुकट जायचं. म्हणजे पैशाची सबब नव्हती. “पण आईला काय लिहिणार? ऊन आहे, जेवण बरं आहे. तिसऱ्या पत्रात तेच.” हे वाक्य मराठीत सांगताना मी ते मऊही केलं नाही, कडकही नाही. काका मान हलवत राहिले. त्यांचे वडील मुंबईत गिरणीत होते, घरी मनीऑर्डर यायची, आणि फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी.

मग जुंपली ती शेवटच्या प्रसंगावरून. डिसेंबर 1963, बर्फ, पेट्रोलपंप. ती मोटारीतून येते. नोकर विचारतो, सुपर की साधं? गाडीत गीची मुलगी बसलेली. बघायचंय का तिला, ती विचारते. तो मान हलवतो, नाही.

“चेडवाक एकदा तरी बघूक होयां होतां,” काका म्हणाले. माझ्याच्यानं राहवेना, मीही मनात त्यांच्याच बाजूची. पण दुभाषीला बाजू नसते, म्हणून जसंच्या तसं पोचवलं. गृहस्थ ठाम: बघितलं असतं तर त्याच्या घरी जी बायको-पोर आहे तिचं काय? काका म्हणाले, बघितल्यानं काय झिजतं? गृहस्थ म्हणाले, झिजतं. दोघांनी कॉफी दोनदा मागवली. मला कोणी विचारलं नाही.

सोमवारी एजन्सीला कळवून टाकलं की इथून पुढे गाण्यांचा सिनेमा असेल तर दुसरा दुभाषी द्या. त्यांनी होकार दिला आणि त्या रविवारचे पैसे निम्मे लावले, करमणूक म्हणून.